अकरा बेचाळीसला गाडी उभी होती

धाकट्या,

हे पत्र तुला पोचायचं नाही, एवढं मला कळतं. मी म्हातारी झाले आहे, खुळी झालेली नाही. आणि पोचलं असतं तरी तू ते वाचलं नसतंस. माझं कुठलंही पत्र पहिल्या ओळीनंतर घडी घालून खिशात टाकायचं आणि संध्याकाळी फोन करून विचारायचं, "ताई, काय लिहिलंयस ते सांग ना थोडक्यात," ही तुझी रीत. थोडक्यात सांगण्यासारखं असतं तर लिहिलं कशाला असतं?

गेल्या आठवड्यात तुझ्या डेपोतली ती संगणकावर बसणारी मुलगी भेटली. मुलगी कसली आता, तिचेही केस पिकायला लागलेत. म्हणाली, "तुमच्या भावाची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात, पण प्रत्येकजण वेगळीच सांगतो." एकजण म्हणतो, तू गाडी पळवलीस आणि कॅमेऱ्यात सापडलास. दुसरा म्हणतो, तू लोकांकडून चहापाणी घेत होतास. तिसऱ्याला वाटतं, तू केस हरलास. तू केस जिंकलास. हे कुणाला माहीत नाही, आणि जिंकून काय झालं ते तर नाहीच नाही. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

अडचण एकच. तुला समोर बसवून तुझ्याबद्दल लिहिता यायचं नाही. दर दोन ओळींनी तू म्हणशील, "जाऊ दे ना ताई, कशाला." तेव्हा इथून पुढे तू "तो". आणि मीही "मी" नाही, त्याची थोरली बहीण. तिला झुकतं माप मिळणार नाही, काळजी नको.

तो शववाहिका चालवायचा. आधी सात वर्षं कचऱ्याची गाडी, मग चार वर्षं रुग्णवाहिका, आणि मग एकोणीस वर्षं ही. रुग्णवाहिका त्याला झेपली नाही. भोंग्याचा त्रास नव्हता, रस्त्यात आडवे येणाऱ्या शहाण्यांचाही नव्हता. पण इस्पितळाच्या दारात पोचेपर्यंत आतला माणूस गेलेला असला, की हा रात्रभर छताकडे बघत पडायचा आणि कुठल्या सिग्नलला किती सेकंद वाया गेले ते आठवत राहायचा. शववाहिकेवर जागा रिकामी झाली तेव्हा डेपोत सगळ्यांनी माना खाली घातल्या. यानं हात वर केला.

"तिथं घाई नसते," त्यानं घरी बायकोला सांगितलं.

ती शिवणयंत्रावर कुणाच्यातरी पँटची उंची कमी करत होती. दातातली टाचणी न काढता म्हणाली, "पगार तेवढाच ना?"

"तेवढाच."

"मग जा. पण घरात शिरायच्या आधी हातपाय धुवायचे."

एकोणीस वर्षं त्यानं ते पाळलं.

त्याची गाडी चालवण्याची पद्धत बघण्यासारखी होती. गतिरोधक आला की तो गाडी तिरकी घ्यायचा, म्हणजे एकेक चाक चढायचं आणि एकेक उतरायचं, मागे हिसका बसायचा नाही. ब्रेक दाबण्यापेक्षा तो आधीच पाय काढायचा. गाडी ताब्यात घेतल्याच्या दिवशीच त्यानं रेडिओची वायर काढून टाकली होती, उगाच हात लागून गाणं सुरू व्हायला नको. "बॉडी" हा शब्द त्याच्या तोंडात कधी आला नाही. वायरलेसवर सुद्धा तो एवढंच सांगायचा, "निघालोय. मागे माणूस आहे." शहरात तीस, फार तर पस्तीस. डेपोत त्याला सगळे गोगलगाय म्हणत. त्याला राग यायचा नाही. गोगलगायीला कधी अपघात झालेला ऐकलाय का, असं तो विचारायचा.

अशा माणसाला निवृत्तीला चौदा महिने राहिले असताना वेगमर्यादा मोडल्याची नोटीस आली.

फोरमननं ती सगळ्यांसमोर वाचली. मंगळवार, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं, नदीपुलाचा रस्ता. मर्यादा पन्नास, वेग त्र्याऐंशी. सोबत कॅमेऱ्याचा फोटो: उन्हाच्या तिरिपीत एका काळ्या गाडीची पाठ आणि धुरकट नंबर.

"काय रे गोगलगाय, पंख कधी फुटले?"

"मागच्यालाच घाई असेल," टायरवाला म्हणाला, आणि सगळे हसले.

तो हसला नाही. त्यानं कागद घेऊन दोनदा वाचला, घडी घातली आणि गाडी धुवायला गेला. दंडाचं त्याला फारसं काही नव्हतं, दंड भरून मोकळं होता आलं असतं. पण नियम असा होता की मर्यादेपेक्षा तीसनं जास्त गेलेला चालक रुग्णवाहिका आणि शववाहिका या दोन्हींवरून कायमचा उतरवायचा. गाडी जाणार होती. आणि दुसरं असं, की त्या मंगळवारी मागे कोण होतं ते त्याला चांगलं आठवत होतं. एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याची बायको. तिला त्र्याऐंशीनं पळवत नेलं, असं सरकारी कागदावर कायमचं लिहिलेलं राहणार होतं. हे त्याला गिळवेना.

दोन दिवसांनी तो बहिणीकडे आला. ती तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. चौतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. सकाळचं वर्तमानपत्र लाल पेन्सिल घेऊन वाचायची आणि चुकीच्या टक्केवारीवर फुल्या मारायची.

"गेला होतास का त्र्याऐंशीनं?" तिनं विचारलं.

"ताई!"

"हो की नाही तेवढं सांग."

"नाही."

"मग लढ."

"फोरमन म्हणतो, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये."

"हे कोर्ट नाही, अपील कक्ष आहे. आणि तू शहाणा कधीपासून झालास?" तिनं फोटो खिडकीपाशी नेला. "हा शेवटचा आकडा तीन आहे की आठ, कुणाच्या बापाला कळणार नाही. गाडीत ती डबी आहे ना तुमच्या?"

डबी म्हणजे डॅशबोर्डखाली बसवलेलं काळं यंत्र. डिझेलची चोरी थांबावी म्हणून विभागानं ते सगळ्या गाड्यांत घातलं होतं. दर दहा सेकंदांनी गाडी कुठं आहे, किती वेगात आहे, इंजिन चालू की बंद, ते डबी टिपून ठेवायची. चालकांना तिचा मनस्वी तिटकारा.

"ती नको," तो म्हणाला.

"का?"

"नको म्हणतो ना."

"डबी तुझी साक्षीदार आहे, वेड्या. गाडीचाच पुरावा. त्याला कोण खोटं पाडणार?" त्यानं चहाचा कप उचलला. "काय लपवतोयस? बाईबिई आहे का कुठं?"

"काय बोलतेस ताई! साठीला आलोय."

"साठीला आलेल्यांच्या भानगडी तुला माहीत नाहीत. बोल."

त्यानं चहाचा कप दोनदा फिरवला आणि मग सांगितलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी.

इस्पितळातून माणूस घेतला की नात्यातलं सगळ्यात जवळचं जे कोण असेल ते पुढे त्याच्या शेजारी बसायचं. निघताना तो त्यांना एकच प्रश्न विचारायचा: "वाटेत कुठं थांबायचं?" बस्स. काही लोकांना प्रश्न कळायचाच नाही. काही नको म्हणायचे. आणि काही एकदम सरळ बसून सांगायचे. आमच्या घरावरून. शाळेवरून, तिथं ते शिपाई होते. तळ्याकाठच्या बाकाजवळून. तो तिथं गाडी न्यायचा, इंजिन बंद करायचा आणि हात मांडीवर ठेवून बसायचा. चार मिनिटं, पाच मिनिटं. खाली उतरायचा नाही, बोलायचा नाही. मग पुन्हा किल्ली फिरवायचा. स्मशानात कधी उशीर झाला नाही, कारण तो इस्पितळात अर्धा तास आधी जाऊन उभा राहायचा.

"आणि नियम?" बहिणीनं विचारलं.

"ठरलेला रस्ता सोडायचा नाही. मध्ये थांबायचं नाही."

"म्हणजे अकरा बेचाळीसला..."

"अकरा बेचाळीसला गाडी उभी होती. म्हाताऱ्याच्या दुकानासमोर. त्यानं खाली उतरून शटर अर्धं वर केलं. आत तिची खुर्ची होती. बघत उभा राहिला. मग शटर ओढून परत येऊन बसला. मला म्हणाला, चला."

बहिणीनं लाल पेन्सिल खाली ठेवली, आणि तिच्या बाबतीत ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. मग म्हणाली, "पण हा तर पक्का पुरावा आहे. कॅमेऱ्यापासून दोन किलोमीटर लांब, इंजिन बंद."

"पुरावा आहे म्हणूनच पंचाईत आहे. निर्दोष ठरायला गुन्हा दाखवायचा."

"लहान गुन्हा. त्यावर ताकीद मिळेल फार तर."

तासभर घासाघीस झाली. शेवटी तो कबूल झाला. "एका थांब्याचं मी सांगेन. म्हाताऱ्यानं विनंती केली, थांबलो. तेवढ्यावर कुणी गाडी काढून घेणार नाही. एकदाच झालं असं ते समजतील."

"खोटं बोलायचं नाही हं."

"एकदाच झालं असं मी म्हणणार नाही. ते समजतील." मग दारात चपला घालता घालता तो वळला. "पण ताई, तेवढाच दिवस दे. मागचापुढचा नको."

"बरं," ती म्हणाली.

डेपोतल्या संगणकावरच्या मुलीनं नोंदी काढून दिल्या. यंत्रातून महिन्याचाच गठ्ठा निघत होता. "तुम्हाला हवं ते पान घ्या, बाकीचं टाकून द्या," असं तिनं बजावलं होतं. थोरलीनं टाकून दिलं नाही. ती तो गठ्ठा घेऊन टेबलाशी बसली आणि तिच्यातली मास्तरीण जागी झाली. एका दिवसाची नोंद म्हणजे काय? उद्या अधिकारी म्हणेल, तुमचं यंत्रच त्या दिवशी बिघडलं होतं. एका निरीक्षणावर निष्कर्ष काढणाऱ्या पोरांना तिनं जन्मभर नापास केलं होतं. यंत्र विश्वासाचं आहे हे दाखवायचं तर महिना लागतो. तिनं महिनाभरातले सगळे प्रवास नकाशावर तपासले. एकेचाळीस फेऱ्या. सगळ्या रस्त्यावरून गेलेल्या, एकही नदीत बुडालेली नाही की कुणाच्या छपरावर चढलेली नाही. थांब्यांचा वेगळा तक्ता केला, कारण गाडी थांबलेली असताना यंत्र जागा किती अचूक पकडतं, हाच मुद्दा होता. ठरलेल्या रस्त्याबाहेरचे थांबे एकोणीस. सरासरी पाच मिनिटं. प्रत्येकापुढे जागा, तारीख, वेळ. सुबक तक्ता.

एकोणीस हा आकडा बघून ती थबकली होती, हेही लिहायला हवं. भावाचे शब्द तिला आठवत होते. पण तिनं असा विचार केला की पहिल्या पानावर त्याचा मंगळवार असेल, आणि तक्ता मागे परिशिष्टात जाईल. हजारो प्रबंध तिच्या हाताखालून गेले होते. परिशिष्ट कोण वाचतं?

सुनावणी एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. बाहेर बाकावर रांग. त्यांच्या पुढच्या बाई सगळ्यांना सांगत होत्या, "माझी गाडी उतारावर ढकलली तरी साठच्या वर जात नाही, आणि हे म्हणतात नव्वद! नव्वदनं गेली असती तर मी पेढे वाटले असते." तो मांडीवर टोपी ठेवून बसला होता. इस्त्रीचा शर्ट बायकोनं काढून दिला होता. विभागाची गाडी म्हणून विभागाचे उपप्रमुखही आले होते, आणि सारखे घड्याळ बघत होते.

अपील अधिकारी सर्दीनं बेजार होता, पण माणूस बरा होता.

"अकरा बेचाळीसला गाडी कुठं होती?"

"उभी होती, साहेब. घड्याळवाल्यांच्या दुकानासमोर. इंजिन बंद."

"का थांबलात?"

"त्यांची बायको मागे होती. त्यांनी विनंती केली."

अधिकाऱ्यानं मान हलवली, नाक पुसलं, पहिलं पान पाहिलं. अकरा एकोणचाळीस ते अकरा पंचेचाळीस, वेग शून्य. "हे यंत्र त्या दिवशी नीट चालत होतं कशावरून?"

थोरली या प्रश्नाचीच वाट बघत होती. "म्हणूनच महिन्याभराच्या नोंदी जोडल्या आहेत," ती उठून म्हणाली. "पान सातपासून. तक्ता शेवटी आहे."

धाकट्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. एकदाच.

अधिकारी पानं उलटत गेला. तो परिशिष्ट वाचणारा माणूस निघाला. बोट ठेवून, एकेक ओळ. शेवटी म्हणाला, "काम फार व्यवस्थित केलंय, बाई. नोटीस रद्द. फोटो पुन्हा तपासायला पाठवतो." (पुढे कळलं की ती पाव पोचवणारी गाडी होती. शेवटचा आकडा आठ.)

मग उपप्रमुखांनी हात पुढे केला. "तो तक्ता जरा बघू." वाचला, आणि त्यांनी घड्याळ बघायचं सोडून दिलं. "एकोणीस वेळा? एका महिन्यात? म्हणतात ना, गोगलगाय आणि पोटात पाय! वर्षानुवर्षं हेच चाललंय का?"

"हो, साहेब."

"कशासाठी? लोक देतात काय तुम्हाला थांबायचे?"

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग जमिनीकडे बघत तो म्हणाला, "मी एकोणीस वर्षांचा असताना आमचे वडील गेले, इस्पितळात. आईचा पाय मोडलेला होता, तिला जिना उतरता येत नव्हता. ती खिडकीत उभी होती. घरावरून नेतील असं तिला वाटलं होतं. गाडी सरळ गेली. संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हाही ती खिडकीतच उभी होती. मला म्हणाली, अजून आणलं नाही का रे?" तो थांबला. "बाकी काही नाही, साहेब. घरातून घाईनं निघालेला माणूस एकदा दारावरून गेलेला बरा असतो."

थोरली उभीच होती. त्या दिवशी पुढच्या सीटवर ती बसली होती. पंचवीस वर्षांची, कॉलेजातली नवी नोकरी, दुपारी परीक्षेवर हजर राहायचं होतं. चालकानं वळणाशी गाडी हळू करून विचारलं होतं, घर याच बाजूला ना? आणि ती म्हणाली होती, "सरळ घ्या. उशीर होतोय." मागे बसलेल्या धाकट्यानं ते ऐकलं होतं. चाळीस वर्षांत त्यानं त्याचा उच्चार केला नव्हता, आणि आत्ताही केला नाही.

अधिकारी कागद आवरता आवरता तिला हळूच म्हणाला, "एका दिवसाची नोंद चालली असती, बाई. नियमात तेवढीच मागितलेली असते."

परत येताना बसमध्ये दोघं शेजारी बसली. तीन थांबे तो खिडकीबाहेर बघत होता.

"शिव्या दे," ती म्हणाली.

"आकडे बरोबर होते ना?"

"होते."

"मग झालं."

शिव्या त्याच्या बायकोनं दिल्या. दोन दिवसांनी थोरली घरी गेली तेव्हा शिवणयंत्र थांबवून ती म्हणाली, "वन्सं, तुमच्यासारखं हुशार माणूस घरात असलं की शत्रू बाहेर शोधायला नको. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. यांनी तुम्हाला एक दिवस सांगितला होता ना? एक!"

"सांगितला होता."

"मग?"

"तू तिला बोलू नकोस," तो आतून म्हणाला. "बोलणार! तुम्ही बोलत नाही म्हणून मी बोलणार," बायको म्हणाली, आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

चौकशी लागली. त्याला शववाहिकेवरून उतरवून टायरच्या गोदामात बसवलं. विभागानं त्या तक्त्यातल्या एकोणीस घरांना छापील कागद पाठवले: "ठरलेल्या मार्गाबाहेर वाहन थांबवण्यासाठी चालकाने आपल्याकडे काही मागितले होते काय? होय / नाही." अठरा कागद परत आले. सगळ्यांवर "नाही". काहींनी खाली चार ओळी लिहिल्या होत्या. एका बाईनं तर पाठीमागचं पूर्ण पान भरलं होतं. एकोणिसावा कागद आलाच नाही. अहवालात लिहिलं गेलं: "अठरा नकारार्थी, एक निरुत्तर. संशयास जागा आहे."

निरुत्तर होता तो घड्याळवाला.

एका रविवारी धाकटा बहिणीकडे आला. गोदामात बसून त्याचे हात रबरानं काळे झाले होते.

"ताई, एक काम होतं. मला जाता येत नाही. चौकशी चालू असताना मी भेटलो तर साक्षीदार फोडला म्हणतील. त्या म्हाताऱ्याकडे जाऊन ये."

"जाते की! तेच म्हणणार होते मी. कागद भरून घेते, सही घेते, एकोणीसच्या एकोणीस पूर्ण. मग बघू काय अहवाल लिहितात."

"सही नको."

"म्हणजे?"

"त्याला बारीक अक्षर दिसत नाही आता. घड्याळं बंद करून दहा वर्षं झाली. आलेला कागद बायको वाचून दाखवायची. आता तो सरकारी शिक्का असलेला कागद हातात घेऊन बसला असेल. त्याला वाटत असेल, आपण गाडी थांबवायला सांगितली म्हणून काहीतरी गुन्हा झाला. त्याला एवढंच सांग, कागद फाडून टाका. काही चुकलेलं नाही."

"फाडला तर तुझं काय? संशय तसाच राहील."

"राहू दे."

"राहू दे काय! दोन मिनिटांची सही..."

"सही घेतलीस की तू आपल्या कामासाठी आलीस असं होईल. त्याला ते कळेल. म्हातारा आहे, मूर्ख नाही." एवढं बोलून त्यानं टोपी घातली. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिच्याशी अडून बसला होता. "जाशील ना?"

"बघते," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात ती गेली नाही. सहीशिवाय जाण्यात तिला अर्थ दिसेना. धावत जायचं आणि हातातला एकमेव पुरावा स्वतःच्या तोंडानं फाडायला सांगायचं? तिनं विभागाला एक लांबलचक अर्ज लिहिला. त्याचं उत्तर येऊ दे, मग जाऊ, असं म्हणाली. त्यानं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारताना तो ओशाळल्यासारखा हसला, जणू तोच काही जास्त मागत होता. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

निवृत्तीला दोन महिने असताना, दुपारचा डबा खाऊन, टायरच्या गोदामात खुर्चीवर बसल्या बसल्या तो गेला. आधी टायरवाल्याला वाटलं, डुलकी लागलीय.

इस्पितळातून त्याला नेताना गाडीवर नवा चालक होता. पुढच्या सीटवर थोरली आणि बायको दाटीवाटीनं बसल्या होत्या. "घरावरून घ्या हो," बायको म्हणाली. नवा चालक भला माणूस होता. त्यानं डॅशबोर्डखाली बोट दाखवलं. "काकू, आता ती रोज तपासतात." थोरलीनं वाद घातला नाही. गाडी सरळ गेली.

अर्जाचं उत्तर पुढे केव्हातरी आलं. त्यात संशयाचा शेरा तसाच होता.

घड्याळवाल्याचं दुकान थोरलीच्या घरापासून लांब नाही. एक बस, मग डावीकडची गल्ली, तिसरं शटर. म्हाताऱ्याला दोन वाक्यं सांगायची होती: कागद फाडून टाका, काही चुकलेलं नाही. सही मागायची नव्हती.

ती गेलेली नाही.